साथीचा गाडा आणि चित्रपटाचा पडदा

(वर्षावास व्याख्यानमालेत संस्थेच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीस साहेबांनी या वर्षीच्या मालिकेत मला एक पुष्प गुंफायला सांगितले, तेव्हा मी त्यांना म्हणालो की, साहेब, मी बँकेतला कारकून. दिवसभर काउंटरवर बसून लोकांच्या पासबुकात नोंदी करणारा माणूस. शिक्षण विचाराल तर कला शाखेची पदवी. मी काय बोलणार? ते म्हणाले, तुम्हाला चित्रपट पाहण्याचा नाद आहे, त्यावरच बोला. म्हणून आजचा विषय घेतला आहे : टायफॉईड आणि साथीचे रोग चित्रपटांनी कसे दाखविले.

काहींना वाटेल की वर्षावासात हा कसला विषय? पण वर्षावास म्हणजे पावसाळ्याचे दिवस, आणि आपल्यासारख्या वसाहतींत पावसाळा म्हणजे टायफॉईड, कावीळ आणि गॅस्ट्रोचे दिवस. पाणी उकळून प्या, हात धुवा, हे सांगायला पुढच्या रविवारी डॉक्टर येणारच आहेत. माझे सांगणे थोडे वेगळे आहे. रोग कसा होतो हे आपण डॉक्टरांकडून शिकतो. पण रोग्याकडे कसे पाहायचे, साथ आली की कुणाकडे बोट दाखवायचे, हे आपण नकळत पडद्यावरून शिकत असतो. म्हणून पडद्यावर काय दाखवितात, हे तपासून पाहणे मला महत्त्वाचे वाटते.

प्रथम टायफॉईडविषयी दोन शब्द. आपली वडीलधारी माणसे याला मुदतीचा ताप म्हणत. तीन-तीन आठवडे ताप उतरत नसे आणि औषध असे काही नव्हते. रोग्याने मुदत पुरी केली तर वाचला, नाही तर गेला. १८८० साली एबर्थ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला या रोगाचा जंतू दिसला. १९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध त्यावर लागू पडते असे आढळले, तेव्हा कुठे मुदतीची भीती कमी झाली. तरीही हा रोग गेलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ सालच्या अंदाजाप्रमाणे जगात वर्षाला सुमारे ९० लाख लोकांना टायफॉईड होतो आणि त्यांतील सुमारे १ लाख १० हजार दगावतात.

या रोगाचा मार्ग साधा आहे आणि सांगायला लाज वाटावी असा आहे. एकाच्या विष्ठेतील जंतू दुसऱ्याच्या तोंडात जातो. कधी पाण्यातून, कधी अन्नातून, कधी न धुतलेल्या हातांवरून. तो नजरेने लागत नाही, सावलीने लागत नाही, जातीने तर मुळीच लागत नाही. म्हणजे टायफॉईडची साथ ही मुळात नळाची आणि गटाराची गोष्ट आहे.

आता गंमत पाहा. नळ आणि गटार यांवर कोण चित्रपट काढणार? त्यामुळे पडद्यावरचा ताप बहुधा एकट्या माणसाचा असतो. कपाळावर ओल्या पट्ट्या, उशाशी आई, हातात बॅग घेतलेले डॉक्टर, आणि "आजची रात्र महत्त्वाची आहे" असे वाक्य. त्याच गल्लीत आणखी दहा जण तापाने फणफणले असतील, ते सगळे एकाच टाकीचे पाणी पितात, हे कॅमेरा पाहत नाही.

आमच्या बँकेत दिवसअखेरीस हिशेब जुळला नाही, तर आम्ही शिपायाकडे बोट दाखवून घरी जात नाही. एकेक नोंद मागे मागे तपासत मूळ व्हाउचरपर्यंत जावे लागते. चूक सापडते ती तिथेच. साथीचेही तसेच आहे. म्हणून साथीवरचा कोणताही चित्रपट पाहताना मी स्वतःला तीन प्रश्न विचारतो. दोष कुणाच्या नावे टाकला? मागे कोण टाकले गेले आणि त्यांना कुणी उचलले? आणि तिसरा, मूळ व्हाउचर कुणी शोधले का?

पहिला प्रश्न दोषाचा. आपल्या खेड्यांत पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा काढीत. वाजतगाजत तो गावच्या शिवेवर नेऊन सोडीत, म्हणजे रोगराई गावाबाहेर गेली. पलीकडचे गाव तो गाडा उचलून आपल्या शिवेपलीकडे ढकली. रोग बरा करायचा नाही, पुढच्याच्या दारात लोटायचा. आपल्या समाजातील कित्येकांना त्या गाड्यापुढे राबावे लागले आहे. तो गाडा आज रस्त्यावर फारसा दिसत नाही, पण माणसांच्या मनात त्याची चाके अजून फिरत आहेत. चित्रपटांत तर ती स्पष्ट दिसतात.

१९३९ सालचा "गॉन विथ द विंड" हा अमेरिकन चित्रपट जगभर पाहिला गेला. अमेरिकेतील यादवी युद्धाची ती पार्श्वभूमी आहे. त्या युद्धात गोळीने मेलेल्यांपेक्षा रोगाने मेलेले सैनिक अधिक होते आणि त्या रोगांत टायफॉईड हा एक मोठा मारेकरी होता. चित्रपटाची नायिका स्कार्लेट जळत्या शहरातून जीव वाचवून आपल्या मळ्यावर परतते, तर आई नुकतीच टायफॉईडने गेलेली आणि दोन्ही बहिणी अंथरुणाला खिळलेल्या. आईला रोग कसा झाला? घरची दासी मॅमी सांगते, शेजारच्या गरीब गोऱ्यांच्या मुलीची शुश्रूषा करायला मालकीणबाई गेल्या आणि तिथून हा ताप घरात आला. त्या गरीब कुटुंबाला मॅमी जी दूषणे देते, ती ऐकण्यासारखी आहेत.

बंधूंनो, इथे जरा थांबून विचार करा. सैन्याच्या छावण्यांनी भरलेला, उद्ध्वस्त झालेला मुलूख. जागोजागी रोगराई. पण प्रेक्षकाच्या मनात राहते काय, तर ते गलिच्छ गरीब लोक. आणि हा दोष कुणाच्या तोंडी घातला आहे? एका काळ्या गुलाम बाईच्या. ती भूमिका करणाऱ्या हॅटी मॅक्डॅनिअल यांना १९४० साली ऑस्कर मिळाले. ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत. पण त्या समारंभात त्यांना सहकलाकारांबरोबर बसू न देता वेगळ्या टेबलावर बसविले होते. जिला स्वतः पंक्तीबाहेर बसविले, तिच्याच तोंडून दुसऱ्या गरिबाला अस्वच्छ म्हणविले गेले. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे आपल्याकडे तो परत येणार आहे.

टायफॉईडचे नाव घेतले की मेरी मॅलनचेही नाव निघते. ही आयर्लंडहून न्यूयॉर्कला आलेली स्वयंपाकीण. १९०६ साली एका बँकरने उन्हाळ्यासाठी भाड्याने घेतलेल्या घरात अकरांपैकी सहा जणांना टायफॉईड झाला. सोपर नावाच्या स्वच्छता अभियंत्याने माग काढला, तेव्हा मेरीने जिथे जिथे काम केले, तिथे बहुतेक ठिकाणी ताप आल्याचे दिसले. ती स्वतः ठणठणीत होती, पण शरीरात जंतू बाळगून होती. तिला १९०७ साली एका बेटावर नेऊन ठेवले. स्वयंपाक करणार नाही या अटीवर १९१० मध्ये सोडले. तिने अट मोडली आणि एका प्रसूतिगृहात स्वयंपाक करताना ती सापडली. मग १९१५ पासून १९३८ साली मरेपर्यंत ती बेटावरच राहिली. अट मोडणे हा तिचा दोष होताच. परंतु त्या काळापर्यंत न्यूयॉर्कमध्ये जंतू बाळगणारी शेकडो माणसे माहीत झाली होती आणि जन्मभर बेटावर एकटीच गेली ती मेरी. परदेशातून आलेली, गरीब, अविवाहित, पोटासाठी परक्याच्या चुलीपुढे उभी राहणारी बाई. इंग्रजीत तिचे नाव आजही शिवीसारखे वापरतात. स्टीव्हन सोडरबर्ग यांच्या "द निक" या २०१४ सालच्या मालिकेतही ही स्वयंपाकीण येते. तिचा माग काढण्यात पोलिसी कथेची रंगत आहे. पण दुसरे कोणते काम देऊन तिचे पोट कसे भरायचे, या प्रश्नात तशी रंगत नाही, आणि खरे उत्तर तर तिथेच होते.

आता दुसरा प्रश्न. मागे कोण राहिले आणि कुणी उचलले?

धर्मेंद्र आणि मीनाकुमारी यांचा "फूल और पत्थर" १९६६ साली आला आणि तुफान चालला. आपल्यापैकी ज्येष्ठांनी तो नक्की पाहिला असेल. शहरात प्लेग येतो, माणसे घरे टाकून पळतात. नायक शाका हा चोर. रिकाम्या घरात हात मारायला तो जातो, तर तिथे एक विधवा सून तापात एकटी पडलेली. सासरच्यांनी तिला मरायला मागे ठेवून दिले आहे. चोर चोरी विसरून तिची सेवा करतो. प्लेग या चित्रपटात घर रिकामे करण्यापुरताच येतो आणि काम झाले की जातो. तरी ओ. पी. रल्हन या दिग्दर्शकाने एक गोष्ट अचूक दाखविली. साथ आली की घरात आधीच नकोसे झालेले माणूस प्रथम सोडले जाते. साथ नवा भेदभाव निर्माण करीत नाही; जुनाच भेदभाव उघडा पाडते.

प्लेग म्हटला की आपल्या मराठी माणसाला पुणे आठवते. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा "२२ जून १८९७" हा मराठी चित्रपट १९७९ साली आला. प्लेगच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या रँडचे शिपाई घरांत घुसतात, लोकांत संताप उसळतो आणि चापेकर बंधू राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री रँडवर गोळी झाडतात. चित्रपट संयमाने काढलेला आहे, त्याबद्दल वाद नाही. परंतु त्याच वर्षी, त्याच साथीत, त्याच पुण्याच्या परिसरात दुसरी एक घटना घडली होती. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथवर आणले. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. म्हणजे रँडवर गोळी झाडली गेली, त्याच्या तीन महिने आधी. आपल्या मुलांना २२ जून ही तारीख पाठ असते, १० मार्च किती जणांना? गोळीचा आवाज होतो, पाठीवर मूल घेऊन चालणाऱ्या बाईच्या पावलांचा होत नाही. आता फुले दाम्पत्यावर "सत्यशोधक" (२०२४) आणि "फुले" (२०२५) असे चित्रपट आले आहेत. वाट मात्र फार पाहावी लागली.

या प्रश्नाच्या संदर्भात मला सर्वांत जवळचा वाटणारा चित्रपट म्हणजे बिमल रॉय यांचा "सुजाता", साल १९५९. तथागतांना खीर देणाऱ्या सुजातेचे नाव आपल्या घरोघरी आहे. या चित्रपटातली सुजाता ही मजुराची, अस्पृश्य मानलेल्या आईबापांची मुलगी. पटकीच्या साथीत आईबाप मरतात आणि तान्हे मूल अभियंता असलेल्या उपेन चौधरींच्या दारात येते. ते ब्राह्मण जोडपे तिला ठेवून घेते, वाढविते. चारू म्हणजे आपल्या सुलोचनाबाई. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सुजाताची ओळख करून देताना "मुलगी" म्हणत नाही, "मुलीसारखी" म्हणते. त्या एका "सारखी"मध्ये या देशाचा सगळा इतिहास आहे. नूतनने ते दुःख न बोलता डोळ्यांतून दाखविले आहे. चित्रपटात रवींद्रनाथांच्या चांडालिकेची कथाही येते : आनंद भिक्खू तहानलेला आहे, आणि जिच्या हातचे पाणी कुणी पीत नाही, तिच्याकडेच तो पाणी मागतो.

हा चित्रपट मोठा आहे, पण दोन गोष्टी बोलल्याच पाहिजेत. पहिली, पटकी हा पाण्याचा रोग. साहेबाच्या बंगल्यात तान्ह्या लेकीचे कौतुक चालू आहे आणि त्याच्याच हाताखालचे मजूर वस्तीत मरत आहेत. ते कुठले पाणी पीत होते? साहेबाच्या बंगल्यातले पाणी आणि मजुरांचे पाणी वेगळे होते काय? चित्रपट हे विचारीत नाही. साथ ही मूल अनाथ करण्यापुरती येते. दुसरी गोष्ट शेवटची. चारू अपघातात जखमी होते, रक्त लागते, ते फक्त सुजाताचे जुळते. रक्त दिल्यावर तिला मुलगी म्हणून जवळ घेतले जाते. रक्त सगळ्यांचे सारखे हा संदेश चांगला आहे. परंतु आमच्या मुलीने माणूस ठरण्यासाठी आधी आपले रक्त द्यावे, ही अट कशासाठी? रक्तगट जुळला नसता, तर ती "सारखी"च राहिली असती काय?

आता तिसरा प्रश्न, मूळ व्हाउचरचा. इथे मी सत्यजित राय यांच्या "गणशत्रू" या १९८९ सालच्या बंगाली चित्रपटाकडे येतो. आपल्या तरुणांनी हा चित्रपट एकत्र बसून पाहावा, अशी माझी विनंती आहे.

त्याचे मूळ नॉर्वेचे नाटककार हेन्रिक इब्सेन यांच्या १८८२ सालच्या नाटकात आहे. एका गावात औषधी स्नानगृहे बांधली आहेत, बाहेरून लोक येतात, गावाची भरभराट होते. गावच्या डॉक्टरच्या लक्षात येते की आलेल्या पाहुण्यांत टायफॉईड आणि पोटाचे विकार होत आहेत. तो पाणी तपासायला पाठवितो. वरच्या बाजूच्या चामड्याच्या कारखान्यांची घाण पाण्यात उतरत असल्याचे निघते. नळ बदलायचे तर खर्च प्रचंड आणि स्नानगृहे बंद ठेवावी लागणार. मग सत्य सांगणारा डॉक्टरच जनतेचा शत्रू ठरतो. टायफॉईडचा जंतू सापडला १८८० साली आणि हे नाटक आले १८८२ साली. प्रयोगशाळेत जे दिसले, ते समाजाला पचत नाही, हे इब्सेन यांनी दोनच वर्षांत ओळखले.

राय यांनी हे नाटक बंगालमधल्या चंडीपूर नावाच्या काल्पनिक गावात आणले आणि स्नानगृहांच्या जागी देऊळ ठेवले. डॉ. अशोक गुप्ता, म्हणजे सौमित्र चटर्जी, यांच्याकडे काविळीचे रोगी वाढू लागतात. देवळाचे चरणामृत रोज शेकडो भाविक पितात. डॉक्टर पाणी तपासून घेतात. त्यात रोगजंतू निघतात. जमिनीखालचे नळ फुटून त्यांत सांडपाणी मिसळत आहे. आता नगरपालिकेचा अध्यक्ष कोण? डॉक्टरांचा सख्खा भाऊ. तो काय म्हणतो? चरणामृतात गंगाजल आहे, तुळस आहे, ते दूषित होणे शक्यच नाही! वर्तमानपत्र आधी लेख छापायला तयार होते, मग माघार घेते. डॉक्टर जाहीर सभा घेतात, तर तिथे पाण्याचा प्रश्न बाजूला राहतो आणि तुम्ही धर्म मानता का, देवळात जाता का, याची उलटतपासणी सुरू होते. घरावर दगड पडतात, मुलीची नोकरी जाते, घरमालक घर सोडायला सांगतो. शेवटी काही तरुण डॉक्टरांच्या बाजूने उभे राहतात, एवढाच आशेचा किरण.

हा प्रसंग पाहताना आपल्याला महाड आठवल्याशिवाय राहत नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर तिथल्या सनातनी मंडळींनी तळे बाटले म्हणून ते शुद्ध कसे केले? पंचगव्याच्या १०८ घागरी तळ्यात ओतून! पंचगव्यात शेण आणि गोमूत्र असते. रॉबर्ट कॉख या शास्त्रज्ञाने कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यात पटकीचा जंतू दाखविला, तो १८८४ साली. त्यानंतर ४३ वर्षांनी आपल्या देशात पिण्याच्या पाण्यात शेण कालविणे हे शुद्धीकरण होते आणि माणसाची ओंजळ हा विटाळ होता. पाण्याची शुद्धता मंत्राने ठरवायची की तपासणीने, हा "गणशत्रू"चा प्रश्न आपल्या चळवळीच्या पायाशीच आहे.

मूळ शोधणारा आणखी एक चित्रपट म्हणजे सोडरबर्ग यांचाच "कंटेजन", साल २०११. जगभर पसरणाऱ्या विषाणूची ही कथा कोरोनाच्या काळात, म्हणजे २०२० मध्ये, अनेकांनी पुन्हा पाहिली. तिचे शेवटचे दृश्य विलक्षण आहे. सगळे संपल्यावर चित्रपट पहिल्या दिवसाकडे जातो. एका कंपनीचे बुलडोझर झाडे पाडतात, वटवाघूळ उडते, त्याने टाकलेला तुकडा डुक्कर खाते, ते डुक्कर हॉटेलच्या स्वयंपाकघरात येते, आणि आचारी हात न धुता, नुसते पुसून, एका बाईशी हस्तांदोलन करतो. ती बाई त्याच बुलडोझरवाल्या कंपनीची अधिकारी. असा हा शेवटपर्यंत काढलेला माग. दोष आचाऱ्यापाशी थांबत नाही, व्हाउचर कंपनीच्या दारापर्यंत जाते.

आणि ज्या साथीतून आपण सगळे गेलो, तिचे काय? अनुभव सिन्हा यांचा "भीड" हा चित्रपट २०२३ साली आला. तोही कृष्णधवल. टाळेबंदीत गावाकडे निघालेले मजूर राज्याच्या सीमेवर अडविले जातात. बंदोबस्ताला असलेला पोलीस अधिकारी, म्हणजे राजकुमार राव, स्वतः खालच्या मानलेल्या जातीचा. अडकलेल्यांत त्रिवेदी नावाचा एक पहारेकरी आहे. मुले भुकेने रडत असताना तो मुसलमानांनी देऊ केलेले अन्न घेऊ देत नाही. तो स्वतः उपाशी, रस्त्यावर पडलेला, हातात दमडी नाही. पण शिवेवर उभे राहूनही त्याला आपल्यापेक्षा खालचा कुणीतरी हवाच आहे. पाहा, मरीआईचा गाडा पुन्हा शिवेवर आला!

बंधू-भगिनींनो, इथवर मी पडद्याविषयी बोललो. आता थोडे आपल्या घराविषयी बोलतो. कुणी रागावू नये.

दोन पावसाळ्यांपूर्वी आपल्या वसाहतीत एकामागून एक घरात टायफॉईड निघाला. शाळेत जाणारी मुले तीन-तीन आठवडे घरी पडली. कित्येकांचे रोजगार बुडाले. तेव्हा संस्थेची बैठक झाली, तीत काही जणांच्या तोंडून मी एक वाक्य ऐकले : "हे सगळे नाल्यापलीकडच्या लोकांमुळे." नाल्यापलीकडे म्हणजे बाहेरगावाहून बांधकामावर आलेली कुटुंबे. पत्र्याच्या झोपड्या, संडास नाही, नळ नाही. ते लोक घाण करतात, त्यांना उठवा, असा सूर निघाला. मग आपल्याच चार तरुणांनी पाण्याची बाटली भरून तपासणीला दिली आणि नळाच्या मार्गाने चालत गेले. काय सापडले, ते सर्वांना ठाऊक आहे. तिसऱ्या इमारतीच्या मागे, आपल्याच आवारात, गटारातून गेलेली नळाची जोडणी सडलेली होती. पाणी यायचे बंद झाले की गटाराचे पाणी नळात ओढले जात होते. आणि नाल्यापलीकडची माणसे त्याच नळाच्या शेवटच्या तोटीवरून पाणी नेत होती. तापाने त्यांचीही मुले आजारी होती. त्यांच्यासाठी बैठक कुणी घेतली नव्हती.

ज्यांच्या हातात पिढ्यानपिढ्या झाडू दिला, त्यांनाच या देशाने अस्वच्छ म्हटले. ज्यांना पाणवठ्यावर येऊ दिले नाही, त्यांनाच न धुतलेले म्हटले. त्या आजोबांची आपण नातवंडे. ते वाक्य निदान आपल्या तोंडी शोभत नाही. मघाशी मॅमीचा मुद्दा लक्षात ठेवायला सांगितला, तो यासाठी. पंक्तीबाहेर बसविलेल्याने दुसऱ्याला पंक्तीबाहेर ढकलू नये.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडलेला होता. तथागतांनी त्याला काय विचारले? तू कोणते पाप केलेस, असे नाही. तुला काय होते आहे आणि तुझी शुश्रूषा करायला कुणी आहे का, हे विचारले. मग आनंदाला पाणी आणायला सांगून त्याला स्वतः धुतले, आणि भिक्खूंना बजावले की ज्याला माझी सेवा करावीशी वाटते, त्याने आजाऱ्याची सेवा करावी. असा प्रसंग एखाद्या दिग्दर्शकाने डोळ्यांपुढे ठेवला, तर साथीचा चित्रपट वेगळाच निघेल.

एक चांगली गोष्टही सांगतो. २०१८ साली आपल्या शेजारच्या नवी मुंबई महानगरपालिकेने ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना टायफॉईडची नवी लस टोचली. सरकारी यंत्रणेमार्फत या लसीची झालेली ती जगातील पहिली मोहीम होती. त्यात नायक नव्हता, खलनायक नव्हता. आरोग्यसेविका होत्या, लस थंड ठेवण्याच्या पेट्या होत्या, रांगा होत्या आणि रडणारी मुले होती. त्यावर कुणी गाजलेला चित्रपट काढलेला माझ्या पाहण्यात नाही. परंतु टायफॉईडच्या कथेचा खरा सुखान्त असाच असतो : नळ बदलला जातो, टाकी धुतली जाते, पोराला लस मिळते, आणि काहीच घडत नाही.

म्हणून संस्थेपुढे माझ्या तीन नम्र सूचना आहेत. एक, दर पावसाळ्याच्या आधी वसाहतीच्या प्रत्येक टाकीचे आणि नाल्यापलीकडच्या तोटीचे पाणी तपासून घ्यावे व निकाल फलकावर लावावा. दोन, लसीसाठी मुलांची यादी करताना त्या झोपड्यांतील मुलांची नावेही आपल्याच वहीत लिहावी. तीन, ग्रंथालयाच्या खोलीत महिन्याला एक चित्रपट दाखवावा. "सुजाता" आणि "गणशत्रू" यांनी सुरुवात करावी आणि नंतर अर्धा तास चर्चा ठेवावी. टाक्यांची वही ठेवायला मी तयार आहे. तेवढे काम माझ्या नोकरीने मला शिकविले आहे.

साथीचा गाडा आपल्या दारात येणारच. तो पुढच्याच्या शिवेवर ढकलायचा, की तिथेच थांबवून त्याची चाके काढायची, एवढे मात्र आपल्या हातात आहे.



भवतु सब्ब मंगलं. जयभीम.